'व्हय'चं बहुमत

सांगलीहून परत आलो त्याला आता महिना होईल. भेटेल तो विचारतो, काय काय बघितलंत? मी सांगतो, आयर्विन पूल बघितला, कृष्णाकाठचा गणपती बघितला, हळद साठवायची जमिनीतली पेवं बघितली. एवढं सांगून गप्प बसतो. खरं जे बघितलं ते सांगायला लागलो की माझा आवाज चढतो आणि बायको आतून म्हणते, "अहो सावकाश, शेजारी ऐकताहेत." म्हणून लिहून काढतो आहे. कागदावर किती का आवाज चढेना, शेजाऱ्यांना त्रास नाही.

मी उंब्रजजवळच्या एका हायस्कुलात मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवतो. नागरिकशास्त्र शिकवतो म्हणूनच ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली. सरकारनं यंदा हायस्कूलच्या मुलांसाठी 'अभिरूप विधानसभा' काढली. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या निवडक शाळांनी पाच-पाच मुलं पाठवायची. तीन दिवस मुलांनी आमदार व्हायचं. कुणी मंत्री, कुणी विरोधक, एक जण अध्यक्ष. विधेयकं मांडायची, भांडायचं आणि शेवटी मतं घ्यायची. लोकशाहीचे संस्कार हे शब्द त्या परिपत्रकात इतक्या वेळा आले होते की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आमच्या पाचांत एकच मुलगी होती, अकरावीतली, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गातली हौसा. तिचा बाप मूळचा माणदेशाकडचा मेंढपाळ. दुष्काळात मेंढरं घेऊन इकडे आला आणि कऱ्हाड-उंब्रज रस्त्यावर एका माळाला वस्ती करून राहिला. तिथून शाळा दोन कोस. रस्ता डांबरी, त्यावरून दिवसभर लाल गाड्या पळतात, पण वस्तीच्या फाट्याला थांबा नाही. थांबा नाही म्हणून गाडी थांबत नाही, गाडी थांबत नाही म्हणून हौसा चालत येते आणि चालत येते म्हणून तिला उशीर होतो. आमच्याकडे उशिरा आलेल्या मुलाच्या नावापुढे हजेरीच्या कॅटलॉगात लाल शाईनं 'उ' मांडायचा. तीन 'उ' झाले की एक गैरहजेरी. असं करत करत हौसाची हजेरी इतकी खाली आली होती, की मॅट्रिकच्या परीक्षेला तिचं नाव पाठवायचं की नाही असा प्रश्न उभा राहिला. ते सगळे 'उ' माझ्याच हातचे. नियम म्हणजे नियम, असं मी तेव्हा म्हणत असे.

विधेयक तिनंच सुचवलं. 'विद्यार्थिनी मोटारथांबा विधेयक' हे नाव माझं, पण कलम तिचं. तिनं वहीत लिहून आणलं होतं, "जितं दप्तर तितं थांबा." मी ते सरकारी केलं: "ज्या ठिकाणी विद्यार्थिनी दप्तरासह उभी असेल ते ठिकाण थांबा समजण्यात यावे." मुख्याध्यापकांना कल्पना आवडली. म्हणाले, "तिथं मंजूर करून आणा. मग मी स्वतः डेपोत जातो. सरकारी कार्यक्रमात मंजूर झालेला ठराव आहे म्हटल्यावर ते नाही म्हणणार नाहीत." म्हणजे आमच्या दृष्टीनं ही खोटी विधानसभा नव्हतीच.

उंब्रज ते सांगली

निघायच्या दिवशी सकाळी सातला हौसा उंब्रजच्या स्टँडवर हजर होती. बाप सोबत. खांद्यावर घोंगडं, पायात जड वहाणा. दोन कोस चालून आलेली दोघं.

"सर," तो म्हणाला, "सांगलीत थांबा मिळतुय म्हनं."

"मंजूर झाला तर मिळेल."

"मग घिऊनच या की. आनि पोरीला बी आना परत, इसरू नगा." स्वतःच हसला आणि आल्या वाटेनं चालू लागला.

अर्ध्या तासानं गाडी सुटली. पाऊण कोस गेल्यावर तो रस्त्याकडेनं जाताना दिसला. संपतनं, म्हणजे गावातल्या पलटणीतल्या सुभेदाराच्या मुलानं, खिडकीतून हाक मारली तर त्यानं काठी उंच केली. आणखी थोडं पुढं गेल्यावर हौसा म्हणाली, "सर, ही बगा आमची वस्ती." माळ, मेंढरांचा वाडा, एक लिंब. आमची गाडी तिथून भरधाव गेली. मग माझ्या डोक्यात शिरलं. ही मुलगी पहाटे उठून दोन कोस उलट चालत गेली होती, का तर तिच्या दारावरूनच जाणाऱ्या गाडीत बसायला. तिला मात्र त्यात नवल वाटत नव्हतं. ती वस्तीकडे अशी बघत होती, की जणू गाडीतून कशी दिसते याचंच तिला कौतुक.

इस्लामपूरला गाडी बदलायची होती. थंडीचे दिवस, उसाचा हंगाम. रस्त्यानं कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांची रांग संपता संपेना. मुलांनी मागं लोंबणाऱ्या उसांवर नजर ठेवली होती. संपतनं एक ओढलाच आणि गाडीवानाच्या शिव्या खाल्ल्या. स्टँडवर भाकरी सोडल्या तेव्हा खरा घोटाळा कळला. विधेयकाची एकुलती एक प्रत हौसानं जपून ठेवायची म्हणून भाकरीच्या फडक्यात, अगदी आत ठेवली होती. शेंगदाण्याच्या चटणीचं तेल पहिल्या पानावर पार उमटलं होतं. मी डोक्याला हात लावला. हौसा म्हणाली, "सर, अक्षरं तेवडी निगत्यात." खरंच निघत होती, म्हणजे वाचता येत होती. बाकीचा कागद तांबडा झाला होता इतकंच.

सांगली जवळ आली की आधी गुळाचा आणि मग हळदीचा वास येतो. आमच्याकडची मुलं हळद बघतात ती चिमटीनं. इथं पेठेत रस्त्यावरच पोतीच्या पोती. हौसाच्या पायाला, वहाणेला, परकराच्या काठाला हळद लागली. "नवरीच झाली गड्या ही," असं संपत म्हणाला आणि त्याला मी दटावलं.

सांगली

ज्या शाळेत हा सोहळा होता तिचं नाव लिहीत नाही. इमारत मोठी, दगडी, समोर चाफा. सभागृहात एका बाजूला मंत्र्यांच्या खुर्च्या, मागं उरलेल्यांसाठी सतरंज्या. मंत्रिमंडळ आधीच ठरलं होतं. मुख्यमंत्री यजमान शाळेचा, अर्थमंत्री यजमान शाळेचा, परिवहनमंत्री त्यांच्याच शेजारच्या शाळेचा. कुंडलकडची, जतकडची, आमची, सगळी मुलं सतरंजीवर. मी संयोजकांना विचारलं, हे कसं ठरवलं? तर म्हणाले, "सर, मंत्र्याला उच्चार लागतात." मी ऐकून घेतलं. तेव्हाच भांडायला हवं होतं, पण मला वाटलं, पाहुणे आहोत.

अध्यक्ष झालेला मुलगा सुधीर मात्र गुणी होता. शहरातला, चष्मा लावणारा, सगळ्यांना सारखी वेळ देणारा. त्याच्या मागं उंच खुर्चीवर परीक्षक बसलेले. निवृत्त प्राध्यापक, पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट. वादाच्या प्रसंगी शेवटचा शब्द यांचा, असं नियमावलीत छापलेलं होतं.

जेवणात आमची पंचाईत झाली. भात, वरण, पोळी, पुन्हा भात. आमच्या मुलांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. पहिल्याच दुपारी ती ताटं चिवडत बसलेली पाहून वाढणाऱ्या गंगाक्का थांबल्या. मिरजेच्या पलीकडच्या, सीमेजवळच्या. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. "काय ओ, पोटात जाईना काय?" त्यांनी विचारलं आणि आपल्या घरून आणलेल्या शाळूच्या भाकरी, दही आणि खर्डा पोरांपुढं ठेवला. स्वतः मग भात खाल्ला. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, तिकडे अक्का. संध्याकाळपर्यंत माझी पाचही मुलं त्यांना अक्का म्हणायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी यजमान शाळेनं विधेयक आणलं, विद्यार्थ्यांच्या सिनेमा पाहण्यावर बंदी घालावी. आमच्याकडे सिनेमा येतो तो जत्रेत, तंबूत, वर्षातून एकदा. तोही बंद? सुधीर म्हणाला, "अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे." खुर्च्यांवरून नेटकं 'होय' आलं. "प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे." सतरंजीवरून असा "न्हाईऽऽ" उठला की चाफ्यावरचे पक्षी उडाले. परीक्षक मोठ्यानं हसले, "ऐकू आलं, ऐकू आलं!" सुधीरनं जाहीर केलं, 'नाही'चे बहुमत, विधेयक नामंजूर. कुणीही हरकत घेतली नाही. हे ध्यानात ठेवा.

तिसरा दिवस

हौसाचं विधेयक शेवटचं होतं. परीक्षकांनी आधी प्रत मागून घेतली, दोन बोटांत धरली, तेलाच्या डागाकडे पाहिलं आणि परत दिली. हौसा उभी राहिली. महिनाभर मी तिच्याकडून एकेक शब्द घोटून घेतला होता. 'अध्यक्ष महोदय' पासून 'सभागृहाने मान्यता द्यावी' पर्यंत एकही अक्षर तिनं चुकवलं नाही. माझी छाती फुगली. आता त्या फुगलेल्या छातीचा विचार आला तरी लाज वाटते.

मग परिवहनमंत्री उठले. सोळा वर्षांचे मंत्री, भांग बरोबर मधोमध. म्हणाले, "चालणं आरोग्यास उत्तम असतं. सन्माननीय सदस्यांनी सकाळी थोडं लवकर उठावं, म्हणजे विधेयकाची गरजच उरणार नाही." खुर्च्यांवरून टाळ्या.

याचं उत्तर मी पाठ करून घेतलेलं नव्हतं. हौसानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि आपलंच बोलली.

"अध्यक्ष महोदय, मंत्र्यांनी एक दिस आमच्या वस्तीवर यावं. पाचला उटावं. मेंढरांचा वाडा लोटावा, शेरडांची धार काडावी, भाकरी थापाव्या आनि मग दोन कोस चालावं. माज्या म्होरनं सा गाड्या जात्यात. गाडीत जागा असती. कंडाक्टर खिडकीतनं बगतुय. त्याला बी ठावं हाय ही शाळंला निगालीया. पर थांबत न्हाई, कारन तितं पाटी न्हाई. माज्यासंगं सातवीपतूर चार पोरी व्हत्या. आता मी एकलीच हाय. मी लवकर उटतीया, अध्यक्ष महोदय. गाडीच थांबत न्हाई."

सुधीरनं चष्मा पुसला. "विधेयकाला अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे."

आणि सतरंजीवरून, कुंडलच्या, जतच्या, आमच्या, सगळ्या पोरांच्या पोटातून एकदम निघालं, "व्हऽऽय!"

माझाच संपत सगळ्यांत मोठ्यानं. महिनाभर होय, होय, होय असं घोकून घेतलेलं पार वाहून गेलं. कुणी शिकवलेलं म्हणत नव्हतं, सगळी मनापासून म्हणत होती. प्रतिकूल मतं विचारली तेव्हा खुर्च्यांवरून सात-आठ 'नाही' आले. सुधीर हसत म्हणाला, "'होय'चे बहु..."

"थांबा," परीक्षक उठले. "सभागृहाचा शब्द 'होय' असा आहे. 'व्हय' असा शब्द नियमावलीत नाही. अशुद्ध उच्चारलेलं मत मोजता येत नाही. 'होय' किती आले? मला तरी दोनच ऐकू आले. 'नाही'चे बहुमत. विधेयक नामंजूर."

मला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. ते लिहून घेत होते.

हौसा अजून उभीच होती. तिनं हात वर केला. "अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा. काल आमचं न्हाई चाललं. मग आज आमचं व्हय का चालंना?"

याहून सरळ प्रश्न खऱ्या विधानसभेत तरी कुणी विचारला असेल काय? सुधीरनं वळून मागं पाहिलं. परीक्षक म्हणाले, "कालची गोष्ट काल संपली. सदस्यांनी खाली बसावं."

तेव्हा मी उठलो. आणि मी काय बोललो असेन? "महोदय, आपला निर्णय पुनर्विचारास पात्र आहे, असे मी नम्रतापूर्वक निदर्शनास आणू इच्छितो. मतदानाचा हेतू उच्चारांची परीक्षा घेणे हा नसून..." असं बरंच काही. एकेक अक्षर ठणठणीत. हात वर करून मतं मोजा, असंही मी सुचवलं.

परीक्षकांनी शांतपणे ऐकलं आणि सभागृहाला म्हणाले, "पाहा, यांचे सर किती सुंदर मराठी बोलतात! मग सर, हेच मुलांना का नाही शिकवलंत? दोष माझ्या निर्णयात नाही, तुमच्या शिकवण्यात आहे."

खुर्च्यांवर हशा पिकला. मी खाली बसलो. का बसलो हे मलाही अजून कळलेलं नाही. माझी आई जन्मभर 'व्हय' म्हणत आली. तिच्याच मांडीवर मी तो शब्द शिकलो. अठरा वर्षांपूर्वी ट्रेनिंग कॉलेजात तो माझ्याकडून सोडवून घेतला, सगळ्या वर्गासमोर उभा करून दहा-दहा वेळा 'होय' म्हणायला लावून. तेच मी पुढं वर्षानुवर्षं पोरांना करत आलो आणि त्याला शिक्षण म्हणत आलो. त्या माणसानं मला माझीच शाबासकी दिली होती. ती शिवीसारखी लागली.

जेवायला बसलो. गंगाक्कांनी पोरांकडून सगळी हकिगत काढून घेतली. मग हातातलं ताट तसंच ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आवं सर, माझी भाषा कानडी. मला बी 'व्हय' कळतंय. तेस्नी कळंना?"

"कळतं हो अक्का. त्यांना चांगलं कळतं," मी म्हणालो.

"मग 'व्हय' म्हंजे 'न्हाई', हे कवापास्नं झालं?"

अक्कांनी हौसाच्या फडक्यात भडंग बांधून दिलं आणि तेलकट विधेयक वेगळं, कोरड्या कागदात. निघताना सुधीर फाटकापर्यंत आला. "सर, मला 'व्हय' ऐकू आलं होतं," असं म्हणाला आणि परत पळाला. बिचाऱ्याला तेवढंही चोरून म्हणावं लागलं.

परत

कऱ्हाडहून उंब्रजकडे येणारी गाडी दुपारी चारची मिळाली. गर्दी फार नव्हती. पोरं गप्प होती. कंडक्टर मधल्या वयाचा, पान खाणारा. त्यानंच विचारलं, "काय रं, पाव्हण्याकडं गेलासा का मयताला?" संपतनं त्याला सगळं सांगितलं, बापाकडून उचललेल्या लष्करी शब्दांसकट. "रिपोट केला सरांनी, पर तो म्हातारा हलंना."

कंडक्टर हौसाकडे बघून म्हणाला, "ही रोज चालती ती पोरगी न्हवं? मी बगतुय की हिला." मग जरा ओशाळला. समोर माळ दिसायला लागला, लिंब दिसला. तो दोरीला हात घालून साऱ्या गाडीला म्हणाला, "हितं थांबा न्हाई. पर थांबवायची का गाडी?"

"व्हऽऽय!"

आमची पोरं ओरडली. पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या ओरडल्या. उसाच्या फडावरून निघालेले गडी ओरडले. कशाबद्दल चाललंय हे निम्म्यांना ठाऊकही नसेल. घंटी वाजली आणि गाडी थांबली.

हौसा दप्तर घेऊन खाली उतरली. बाप मेंढरं वळवत होता, धावतच आला. "आनला व्हय थांबा?" त्यानं खिडकीशी येऊन मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हौसा म्हणाली, "गाडी थांबली की आबा." गाडी सुटली तेव्हा तो रस्त्यावर काहीतरी नवं उगवलंय का ते बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, च् च् केलं आणि म्हणाले, "मंजूर झाला असता तर गेलो असतो हो. नामंजूर ठराव घेऊन डेपोत कोणत्या तोंडानं जाऊ?" तो तेलकट कागद त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवला. मी घडी करून खिशात घातला आणि वर्गावर गेलो. डेपोत मीच जायचं ठरवलं, पण तो नंतरचा विषय.

पहिला तास निम्मा झाला तेव्हा हौसा दारात उभी राहिली. पायावर धूळ, परकराच्या काठाला अजून सांगलीची हळद.

"थांबली का गं गाडी?"

"न्हाई सर."

हे 'न्हाई' मात्र अगदी लख्ख ऐकू आलं. कालचा कंडक्टर आज दुसऱ्या गाडीवर असणार. मी तिला आत घेतलं. कॅटलॉग उघडला. लाल दौत बाजूला सारली आणि निळ्या शाईनं तिच्या नावापुढं हजेरी मांडली. नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक फेरीवर आले. त्यांनी हौसाचे पाय पाहिले, घड्याळ पाहिलं, कॅटलॉगात डोकावले. त्यांचा चेहरा बदलला.

"ही आत्ता आली ना? मग हे हजर कुणी मांडलं? तुम्ही मांडलंत?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी उभा राहिलो.

"व्हय," मी म्हणालो.